गाण्याचे नाव सीडीला ठाऊक नसते

एक कोडे घालतो. गाण्यांची एक सीडी घ्या. तिच्या वेष्टनावर गाण्यांची नावे, गायक, संगीतकार, सारे काही सुबक छापलेले आहे. संगणकाचा इंटरनेटशी असलेला संबंध तोडा आणि ती सीडी आत घाला. पडद्यावर काय दिसेल? बहुतेक वेळा ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’, ‘ट्रॅक ३’ आणि प्रत्येकापुढे मिनिटे-सेकंद. नाव एकाचेही नाही. आता इंटरनेट जोडा. क्षणभरात सगळी नावे हजर! मग ही नावे सीडीवर होती की नव्हती?

नव्हती. सीडीला आपल्या पोटातल्या गाण्यांची नावे ठाऊक नसतात. मग ती आली कोठून, आणि आली ती खरी कशावरून, हेच आज आपण पाहणार आहोत.

हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही. नव्या लॅपटॉपमध्ये सीडी घालायची खाचच आता सहसा नसते. घोडनदीकाठच्या आमच्या शिरूरला काय किंवा भीमेकाठच्या दौंडला काय, कितीतरी घरांतल्या कपाटांत भजनांच्या, नाट्यगीतांच्या, लग्नकार्यात वाजवायच्या सनईच्या सीड्या पडून आहेत. आजोबा म्हणतात, “एवढी गाणी पेनड्राइव्हवर घालून दे रे.” नातू ती घालून देतो. महिन्याभराने आजोबा पेनड्राइव्ह लावतात, तो दोनशे फाइली आणि सगळ्यांची नावे ‘ट्रॅक’ने सुरू होणारी. गाणी आहेत, पण हवे ते गाणे सापडत नाही. न सापडणारी वस्तू आणि हरवलेली वस्तू यांत फारसा फरक नसतो.

आधी सीडीवर काय असते ते पाहू. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. सीडी तयार करताना हे चढउतार दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक वेळी आलेली संख्या लिहून ठेवतात. इतक्या वेळा कशासाठी? माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कंपन नीट टिपायचे तर त्याच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते, असा गणिती सिद्धांत आहे. प्रत्येक संख्या १६ बिटांची, म्हणजे शून्य आणि एक यांच्या सोळा घरांची. डाव्या कानासाठी एक आणि उजव्यासाठी एक. आता गुणाकार करा: ४४,१०० × १६ × २ = १४,११,२००. सेकंदाला चौदा लाखांहून अधिक बिट! आठ बिटांचा एक बाइट धरला, तर एका मिनिटाच्या गाण्याला एक कोटीहून जास्त बाइट लागतात.

हे सारे सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने एका सर्पिल रेषेवर कोरलेले असते. ग्रामोफोनची सुई बाहेरून आत येते. सीडीवरचा लेसर किरण उलट आतून बाहेर जातो. सर्पिलाच्या शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांतले अंतर १.६ मायक्रोमीटर असते. म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत चाळीसएक फेरे मावतील, आणि संपूर्ण भरलेल्या सीडीवरचे सर्पिल सरळ केले तर ते पाच किलोमीटरहून लांब भरेल. खळग्यावरून परतणारा प्रकाश आणि सपाट भागावरून परतणारा प्रकाश एकमेकांना छेदून क्षीण होतात. उजेड कमी झाला, वाढला, एवढ्यावरून यंत्र शून्य आणि एक ओळखते. सीडी बॅटरीच्या उजेडात तिरपी धरा. जे इंद्रधनुष्य दिसते, ते याच दाट फेऱ्यांमुळे: एका मिलिमीटरला ६२५!

अशा नाजूक लिखाणावर ओरखडा गेला तर? येथे सीडीच्या निर्मात्यांनी एक सुंदर युक्ती योजली आहे. समजा, शिरूरहून दौंडला खो-खोचे चार संघ न्यायचे आहेत. प्रत्येक संघात बारा जण. मैदानावर उतरायला नऊ पुरेत. बारा जीपगाड्या आहेत आणि प्रत्येकीत चौघे बसतात. एकेक संघ लागोपाठच्या तीन गाड्यांत बसवला आणि त्यातल्या दोन गाड्या वाटेत बंद पडल्या, तर त्या संघाचे आठ जण अडकतील आणि तो खेळूच शकणार नाही. पण प्रत्येक गाडीत प्रत्येक संघाचा एकेक खेळाडू बसवला तर? दोन गाड्या बंद पडल्या तरी प्रत्येक संघाचे दहा जण पोहोचतील आणि सगळे सामने होतील. सीडीवरही शेजारच्या संख्या मुद्दाम दूरदूर पांगवलेल्या असतात आणि त्यांच्या जोडीला ‘राखीव खेळाडू’ म्हणून काही जादा संख्या ठेवलेल्या असतात. त्यामुळे सर्पिलावरचा सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग भाग वाचता आला नाही, तरी मूळ संख्या जशाच्या तशा परत मिळवता येतात.

ओरखडा त्याहून मोठा असेल तर साधे वाजवण्याचे यंत्र अंदाजाने मधली संख्या भरते. ऐकताना आपल्याला ते कळतही नाही. परंतु गाणी कायमची उतरवून ठेवायची असतील तर अंदाज चालणार नाही. म्हणून ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखी संगणक-प्रणाली तोच भाग पुनःपुन्हा वाचते आणि दरवेळी तेच उत्तर येते का ते ताडून पाहते. या कामाला वेळ लागतो, लागू द्यावा. सीडी पुसायची असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा सर्पिलाच्या दिशेने पडतो आणि लांबच लांब भाग खातो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. सीडीची छापील बाजू चकचकीत बाजूपेक्षा नाजूक असते. परावर्तन करणारा थर छपाईच्या लगेच खाली असतो, तर दुसऱ्या बाजूने त्याला मिलिमीटरभर जाड प्लास्टिकचे कवच असते.

आता मूळ कोड्याकडे वळू. मिनिटाला एक कोटी बाइट लिहिणाऱ्या या सीडीवर नावाची पाटी लावायला जागा का ठेवली नाही? कारण १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा ती संगणकात घालायची वस्तूच नव्हती. ती दिवाणखान्यातल्या यंत्रात घालायची आणि वेष्टन हातात घेऊन नावे वाचायची, असा सरळ हिशेब होता. पुढे १९९६ मध्ये नावे लिहिण्याची एक सोय निघाली, पण ती ऐच्छिक होती आणि बहुतेक सीड्यांवर ती नसतेच.

मात्र सर्पिलाच्या अगदी आतल्या टोकाशी एक छोटी अनुक्रमणिका प्रत्येक सीडीवर असते. तीत गाणी किती आणि प्रत्येक गाणे कोठे सुरू होते, एवढेच लिहिलेले असते. मोजमाप मात्र बारीक: सेकंदाचे ७५ भाग केलेले असतात.

दौंडच्या मुलांना ही गोष्ट चटकन समजेल. दौंड हे मोठे जंक्शन. पुण्याकडून, सोलापूरकडून, मनमाडकडून आणि बारामतीकडून येणारे लोहमार्ग येथे मिळतात. समजा, तुम्ही रात्री एका गाडीत बसला आहात. बाहेर काळोख आहे, स्थानकांच्या पाट्या दिसत नाहीत, गाडीचे नावही तुम्हांला माहीत नाही. पण हातात घड्याळ आहे. गाडी किती वेळा थांबली आणि दोन थांब्यांमध्ये किती मिनिटे गेली, हे तुम्ही टिपून ठेवले. सकाळी हा कागद एखाद्या जुन्या रेल्वे कर्मचाऱ्याला दाखवा. तो वेळापत्रकाशी ताडून सांगेल, “ही अमुक गाडी!” सीडीचेही तसेच आहे. गाण्यांच्या आरंभाच्या वेळा हेच तिचे वेळापत्रक, आणि तेच तिची ओळख.

१९९० च्या दशकात टी कान आणि स्टीव्ह शर्फ या दोघांनी याच कल्पनेवर सीडींची एक सूची उभी केली. त्यांनी वापरलेले गणित इतके सोपे आहे की तुम्ही ते पाटीवर करू शकाल. समजा, एका सीडीवर चार गाणी आहेत. ती अनुक्रमे २, ३७५, ७०० आणि १०८५ व्या सेकंदाला सुरू होतात, आणि सीडी १४७२ व्या सेकंदाला संपते. (पहिली दोन सेकंदे नेहमी मोकळी असतात.) आता प्रत्येक आरंभाच्या संख्येतील अंकांची बेरीज करा: २, ३+७+५ म्हणजे १५, ७+०+० म्हणजे ७, १+०+८+५ म्हणजे १४. सगळे मिळून ३८. या बेरजेला २५५ ने भागून उरणारी बाकी घ्यायची. येथे ती ३८ च राहते. दुसरी संख्या म्हणजे एकूण लांबी, १४७२ – २ = १४७०. तिसरी संख्या म्हणजे गाणी किती, तर ४. तेव्हा ३८, १४७०, ४ हा झाला त्या सीडीचा ओळखक्रमांक. संगणक तो सोळाच्या पायावर लिहितो, एवढाच फरक.

येथे थांबून थोडा विचार करा. दुसरे गाणे ३७५ ऐवजी ३८४ व्या सेकंदाला सुरू झाले असते तर? ३+८+४ म्हणजे पुन्हा १५! म्हणजे दोन निरनिराळ्या सीड्यांना एकच क्रमांक मिळू शकतो. दोन गाड्यांचे वेळापत्रक योगायोगाने जुळावे, तसे हे. घरगुती भजनाची सीडी घातली आणि पडद्यावर कुठल्याशा परदेशी वाद्यवृंदाचे नाव झळकले, असे घडते ते यामुळे. २००० साली सुरू झालेल्या ‘म्युझिकब्रेन्झ’ या सूचीने सेकंदाऐवजी त्याच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंतच्या वेळा घेऊन पुष्कळ लांबलचक ओळखक्रमांक काढला. त्यामुळे असे घोटाळे फारच कमी झाले.

पण गणिताने सीडी कोणती ते कळले, तरी नावे कोणीतरी लिहिलेली असल्याखेरीज कळणार कशी? ही नावे कोणा यंत्राने लिहिलेली नाहीत. जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या सीडीच्या वेष्टनावरून पाहून ती टंकलेखनाने भरली. कान आणि शर्फ यांची सूची पुढे एका कंपनीच्या मालकीची झाली, तेव्हा फुकट राबलेले अनेकजण रागावले आणि त्यांनी खुल्या सूची काढल्या. त्यांपैकी ‘फ्रीडीबी’ २०२० मध्ये बंद पडली. तेव्हा सूचीत दिसणारे नाव म्हणजे कोण्या एका अनोळखी माणसाने, कदाचित घाईघाईने, लिहिलेला मजकूर आहे हे विसरू नये. त्याने एक अक्षर चुकवले तर ती चूक हजारो संगणकांत जाऊन बसते. चूक यंत्राने दाखवली म्हणून ती बरोबर ठरत नाही. एवढे असूनही मी या हौशी मंडळींचा चाहता आहे.

नावे आणि क्रम चुकल्याने काय होते, याचे माझे आवडते उदाहरण गीतरामायणाचे. गदिमांनी लिहिलेली आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेली ही ५६ गीते पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. सगळी रामकथा त्यांत क्रमाने येते. आता ती फाइलींच्या रूपाने उतरवली आणि गाण्यांचे क्रमांक नीट भरले नाहीत, तर यंत्र ती अक्षरानुक्रमे लावते. मग काय होते? अहल्येच्या उद्धाराचे गीत ‘आ’ने सुरू होते आणि रामजन्माचे ‘र’ने, तेव्हा राम जन्मण्याच्या कितीतरी आधी अहल्या शापमुक्त होते! अखेरचे गीत ‘ग’वर असल्याने ते आरंभाजवळ येते, आणि पहिले गीत ‘स’वर असल्याने जवळजवळ शेवटी जाते. नुसते १, २, ३ असे आकडे नावापुढे घातले तरी काही यंत्रे १ नंतर १०, ११, १२ असे वाजवत जातात आणि २ ची पाळी मागाहून येते. म्हणून ०१, ०२ असे दोन अंकी लिहायचे.

गायकाचा घोळ तर आणखी मजेदार. आकाशवाणीवर ही गीते माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक अशा अनेकांनी गायिली. पुढे ध्वनिमुद्रिकांसाठी सर्वच्या सर्व ५६ गीते स्वतः फडके यांनी गायिली. म्हणजे गीत तेच, कवी तोच, चाल तीच. तरी ध्वनिमुद्रणे दोन आणि गायक वेगळे. ‘कलाकार’ नावाच्या एकाच रकान्यात हे कसे मावणार?

फाइलीला जोडलेल्या या माहितीला ‘टॅग’ म्हणतात. एमपी थ्री फाइलीसाठी १९९६ मध्ये निघालेला पहिला टॅग फाइलीच्या शेपटाला जोडलेला अवघ्या १२८ बाइटांचा होता. गाण्याचे नाव ३०, कलाकार ३०, संग्रहाचे नाव ३०, वर्ष ४, टीप ३०, संगीतप्रकार १, आणि ओळखीच्या तीन अक्षरांना ३. बेरीज करून पाहा. त्याने मुळात रोमन अक्षरेच गृहीत धरली होती. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येकी वेगळी चिन्हे. ‘सुधीर फडके’ला २८ बाइट लागतात, ते कसेबसे मावले असते. ‘पंडित भीमसेन जोशी’ला ४७ लागतात, अर्धे नाव बाहेर! संगीतप्रकारांची मूळ यादी ८० नावांची होती. तीत पोल्का आहे, पण नाट्यगीत, भावगीत, अभंग, लावणी यांपैकी काहीच नाही. नंतरच्या पद्धतीत लांबीचे बंधन गेले आणि देवनागरीची सोय झाली, तेव्हा आता सबब उरलेली नाही.

मराठी गाण्यासाठी गीतकार, संगीतकार आणि गायक असे निदान तीन रकाने हवेतच. ‘आठवणीतली गाणी’ या मराठी संकेतस्थळाने ही नावे वेगवेगळी दिली आहेत. पडताळा पाहायला त्याचा चांगला उपयोग होतो. रागदारी असेल तर राग, ताल, बंदिश आणि साथीदारही लिहावेत. एका नावाचे एकच रूप ठरवून घ्या. ‘कुमार गंधर्व’ आणि ‘पं. कुमार गंधर्व’ ही संगणकाच्या लेखी दोन माणसे आहेत. रोमन लिपीत लिहिले तर भीमसेनमधील ‘भी’साठी कोणी एक ‘आय’ लिहितो, कोणी दोन ‘ई’. की झाले दोन भीमसेन! फाइल कोणती करायची असे मला नेहमी विचारतात. जपून ठेवण्यासाठी ‘फ्लॅक’ करावी. तीत जागा साधारण निम्मी लागते आणि एकही बिट गळत नाही. एमपी थ्री त्याहून कितीतरी लहान होते, पण तीत काही आवाज कायमचा गाळलेला असतो. आणि आपली फाइल आपल्या ऐकण्यासाठी. विकत घेतलेल्या सीडीच्या नकला वाटत सुटू नये.

आता ज्या सीडीचे नाव जगातल्या कोणत्याच सूचीत नाही, तिचे काय? आमच्या तालुक्यातील एका गावच्या भजनी मंडळाची अशी सीडी माझ्याकडे आली होती. दुकानातून विकत आणलेली नव्हे, संगणकावर घरीच लिहिलेली. अशा सीडीत खळगे नसतात. लेसरने रंगाच्या थरावर डाग पाडलेले असतात आणि हा रंग कालांतराने फिका पडतो. वेष्टन नव्हते. वर शाईने ‘भजन’ एवढा एकच शब्द. आत अकरा अभंग.

कवी ओळखायला अडचण पडली नाही, कारण आपल्या संतांनी ती सोय शेकडो वर्षांपूर्वीच केली आहे. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’ अशी नाममुद्रा असते. टॅग गाण्यातच विणलेला! कोणी कितीही नकला करा, तो गळून पडत नाही. (कोणीतरी मागाहून तुकोबांची मुद्रा घालून रचलेले अभंगही आहेत, तेव्हा येथेही गाथा उघडून पडताळा पाहावा लागतोच.) हीच युक्ती ग्रामोफोनच्या आरंभकाळीही वापरली गेली. १९०२ मध्ये कोलकात्याला गौहर जान हिची गाणी मुद्रित झाली. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव सांगते. ध्वनिमुद्रिका छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तेथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाणे काय कळणार? आवाजातच नाव असले म्हणजे चिठ्ठी भलत्या तबकडीवर लागण्याची भीती नाही.

भजनी मंडळाने मात्र कोठे नावे सांगितलेली नव्हती. तेव्हा फाइली घेऊन गावात गेलो आणि मंदिराच्या ओट्यावर लावल्या. मंडळातले एक वृद्ध टाळकरी डोळे मिटून ऐकत होते. तिसरा अभंग लागताच म्हणाले, “सर, हा आवाज आमच्या थोरल्या बुवांचा. पण दुसऱ्या चरणापासून उचललंय ते धाकट्यानं. पुन्हा लावा बरं.” पुन्हा लावले. खरेच, आवाज बदलत होता. मला इतका वेळ तो एकच वाटला होता. थोरले बुवा आता हयात नाहीत. या गायनाची दुसरी प्रत कोणाकडे नाही, आणि हा आवाज त्यांचा आहे असे सांगू शकणारी माणसे त्या ओट्यावर चारच होती.

दोन संध्याकाळी बसून गायक, पेटी, पखवाज अशी एकेक नावे भरली. प्रत्येक नाव निदान दोघांनी स्वतंत्रपणे सांगितले तरच लिहायचे, असा नेम केला होता. प्रयोगशाळेत आपण एकाच वाचनावर विसंबत नाही, तसेच. कोणी सांगितले आणि केव्हा, हे टीपेच्या रकान्यात घातले. फाइलींच्या तीन प्रती केल्या: एक मंडळाकडे, एक गावच्या शाळेत, एक माझ्याकडे. सातव्या अभंगातला पखवाज कोणी वाजवला, यावर मात्र दोघांनी दोन नावे सांगितली आणि दोघेही आपापल्या म्हणण्यावर ठाम आहेत. फाइलीत तो रकाना रिकामा आहे. टीपेत दोन्ही नावे आहेत, तारखेसह.